आलेले डोळे आणि आलेले सल्ले

जालना जिल्ह्याची ओळख करून देताना तीन गोष्टी हमखास सांगितल्या जातात: सळई, बियाणे आणि मोसंबी. सळईसाठी एमआयडीसीतल्या भट्ट्या आहेत, बियाण्याला १९६४ सालापासूनची महिकोची परंपरा आहे, मोसंबीकडे तर भौगोलिक मानांकनाचे रीतसर कागद आहेत. चौथे उत्पादन मात्र अजून कुठल्याही सरकारी अहवालात चढलेले नाही. ते आठही तालुक्यांत निघते, कोरडवाहूत निघते तसे बागायतीतही निघते, पाऊस पडो न पडो भरघोस येते आणि फुकट वाटले जाते. ते म्हणजे डोळ्यांवरचा सल्ला. इतर अवयवांच्या बाबतीत माणसे अजून थोडी भीड बाळगून आहेत. शेजाऱ्याला ‘मूत्रपिंडात जरा गुलाबपाणी टाकून बघा’ असे कोणी सुचवत नाही, कारण मूत्रपिंड दिसत नाही आणि तिथवर हात पोचत नाही. डोळ्याचे दुर्दैव असे की तो दर्शनी भागात आहे, उघडा आहे आणि लाल झाला की लपत नाही. लाल डोळा घेऊन माणूस बाहेर पडला की पानटपरीपासून तहसील कचेरीपर्यंत जो भेटेल तो वाकून पाहतो, ‘आले वाटतं’ म्हणून निदान करतो आणि लगोलग उपचारही सांगतो. तपासणी, निदान आणि औषध इतक्या झटपट देणारी आरोग्यसेवा दुसरीकडे नसावी. तिच्यात खोट एकच आहे. लाल डोळ्याचे बहुतेक प्रकार डोळा स्वतःच निस्तरतो; त्याला खरा उपद्रव होतो तो आपल्या हातांचा आणि आपल्या मदतीचा. आणि जे मोजके प्रकार खरोखर दृष्टीवर बेततात, त्यांत हीच मदत मोलाचे दिवस खाऊन टाकते.

आधी साथीचे बघू, कारण सल्ल्याचा खरा हंगाम तोच. २०२३ च्या जुलैत आळंदीतल्या शाळांमध्ये डोळ्यांची साथ सुरू झाली आणि पाहता पाहता राज्यभर पसरली. ऑगस्टमध्ये जिल्हावार आकडे येऊ लागले तेव्हा आपला शेजारी बुलढाणा त्यात वरच्या क्रमांकांत होता. आणि देऊळगाव राजाहून जालन्याला येताना माणसाचे तिकीट लागते, विषाणूचे लागत नाही. त्या दिवसांत रस्त्यावर जिकडे तिकडे काळे गॉगल दिसू लागले. यामागचा सिद्धांत सर्वांना पाठ आहे: आलेल्या डोळ्यांकडे पाहिले की पाहणाऱ्याचे डोळे येतात. हा सिद्धांत खरा असता तर पहिला बळी नेत्रतज्ज्ञांचा गेला असता. ते दिवसभर वीतभर अंतरावरून, वर भिंग लावून, असल्याच डोळ्यांत रोखून पाहत असतात. त्यांच्याही डोळ्यांना कधीकधी संसर्ग होतो, पण तो हातांतून नाहीतर उपकरणांतून, नजरेतून नव्हे. शिवाय साथीच्या बातमीसोबत लालभडक डोळ्याचा मोठा फोटो छापायची वर्तमानपत्रांची रीतच आहे. नजरेने रोग पसरता तर त्या एका अंकाने अख्खे वाचक आडवे केले असते. विषाणूचा खरा रस्ता फार साधा आहे. आजारी माणूस डोळा पुसतो, तोच हात एसटीच्या दांडीला, दाराच्या कडीला, मोबाइलला लावतो, आपण तिथे हात लावतो आणि मग आपला डोळा चोळतो. डोळे आणणाऱ्या विषाणूंपैकी अॅडिनोव्हायरस कोरड्या वस्तूवर कित्येक दिवस तग धरतो, आणि हातावर चोळायच्या सॅनिटायझरला तो साबणपाण्याइतका दबत नाही. आता कोणी म्हणेल, आम्ही काही सारखे डोळ्यांना हात लावत नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका पाहणीत २६ वैद्यकीय विद्यार्थ्यांचे वर्गात बसलेले असताना चित्रीकरण करून मोजणी झाली, तेव्हा त्यांचा हात तासाला सरासरी २३ वेळा चेहऱ्याला लागत होता. संसर्ग कसा पसरतो हे शिकलेल्या मंडळींचा हा हिशोब आहे. बाकीच्यांचा मांडायलाच नको.

तरीही गॉगलला अगदीच निकालात काढू नये. आलेल्या डोळ्यांना उजेड खुपतो, तो गॉगलने कमी होतो. बोट डोळ्याकडे निघाले की वाटेत काच आडवी येते. आणि समोरच्याला कळते की या गृहस्थांशी हस्तांदोलन नको. म्हणजे गॉगल उपयोगाचा आहे, फक्त ज्या कारणासाठी तो घेतला जातो ते कारण सोडून. अडचण अशी की गॉगल लावला म्हणजे आपले सामाजिक कर्तव्य संपले असे वाटते आणि माणूस निर्धास्तपणे खिशातल्या दस्तीने डोळे टिपतो, तीच दस्ती पोराच्या नाकाला लावतो, आणि घरी येऊन दोरीवरच्या एकुलत्या एक टॉवेलला तोंड पुसतो. दुसऱ्या दिवशी घरात आणखी दोन गॉगल लागतात. साथीचे खापर नजरेवर फोडायचे, नाहीतर जगात जे काही मोठे चालले असेल त्यावर, ही खोड केवळ आपलीच नाही. १९६९ साली घानामध्ये अशीच मोठी साथ आली तेव्हा माणूस नुकताच चंद्रावर उतरला होता, म्हणून लोकांनी आजाराला अपोलोचे नाव देऊन टाकले. १९७१ साली कोलकात्यात आणि पूर्व भारतात साथ आली, ती सीमेपलीकडच्या युद्धाच्या काळात, म्हणून तिचे नाव पडले ‘जय बांगला’. दोन्ही वेळा विषाणूने चंद्राकडे आणि राजकारणाकडे ढुंकूनही पाहिले नव्हते. त्याला टॉवेल पुरला होता.

साथीतले विषाणूजन्य डोळे साधारण आठवड्याभरात, चिवट प्रकारात दोनतीन आठवड्यांत, आपले आपण बरे होतात. त्या विषाणूंना मारणारे थेंब मेडिकलमध्ये मिळत नाहीत. आपल्या सगळ्या नेत्रविद्येची इमारत या एका गोष्टीवर उभी आहे. पहिल्या दिवशी गुलाबपाणी, दुसऱ्या दिवशी मध, तिसऱ्या दिवशी घरात उरलेला ड्रॉप, चौथ्या दिवशी मेडिकलवाल्याने दिलेला ड्रॉप, पाचव्या दिवशी कोणाच्या तरी मामांचा उतारा, आणि सहाव्या दिवशी डोळा पांढरा. श्रेय मामांना. पुढची वीस वर्षे ते ‘डोळ्यावर रामबाण’ म्हणून ओळखले जातात. हाच आजार सल्ल्याविना सहा दिवस अंगावर काढला असता तरी सहाव्याच दिवशी बरा झाला असता, पण मग श्रेय घ्यायला कोणीच उरले नसते, आणि ते आपल्याला फार अन्यायाचे वाटते. ‘पण थेंब टाकल्यावर बरं वाटलं ना’ हा आक्षेप म्हणून तपासायला हवा. थंड थेंबाने क्षणभर गार वाटते हे खरेच आहे. फडके थंड पाण्यात भिजवून, पिळून, मिटल्या डोळ्यांवर ठेवले तरी तसेच वाटते, आणि ते फडके दुसऱ्या कोणाला द्यायचे नसते एवढेच पथ्य. प्रतिजैविकाचा ड्रॉप जिवाणूंवर चालतो, विषाणूवर नाही. सकाळी पापण्या चिपडांनी चिकटलेल्या, दिवसभर पिवळट घाण येतेय, अशा वेळी त्याचा फायदा होतो. नुसते पाणी येतेय, खुपतेय, कानापुढे बारीक गाठ लागतेय, घरात आणखी कोणाचे आले आहेत, तर तो डोळ्यापेक्षा मेडिकलवाल्याच्या गल्ल्याला जास्त मानवतो.

यातला खरा धोकेबाज मात्र वेगळाच आहे. मेडिकलच्या काउंटरवर ‘लाल डोळ्याचा ड्रॉप द्या’ म्हटले की पुष्कळदा हातात पडतो तो स्टेरॉइड मिसळलेला. चिठ्ठीशिवाय तो देऊ नये असा कायदा आहे, पण कायदा बाटलीवर लाल रेघेत छापलेला असतो आणि गिऱ्हाइकाचा डोळाही लालच असतो, त्यामुळे दोघांत फरक राहत नाही. या ड्रॉपची ख्याती मोठी, कारण तो खरोखर एका दिवसात डोळा पांढरा करतो. लाली ही डोळ्याची तक्रार असते. स्टेरॉइड ती तक्रार दाबते, कारण तसेच ठेवते. नेत्रतज्ज्ञ ते मोजून मापून, डोळ्यातला दाब तपासत वापरतात आणि तेव्हा ते फार कामाचे असते. पण बुबुळावर नागिणीच्या जातकुळीतल्या विषाणूची किंवा बुरशीची जखम असेल, तर हाच ड्रॉप जखमेला खतपाणी घालतो. आणि महिनोन्महिने टाकत राहिले तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होतो, लवकर मोतीबिंदूही होतो. डोळा तोवर छान पांढरा दिसत असतो, इतकेच समाधान.

घरगुती उपचारांची यादी मेडिकलच्या यादीपेक्षा लांब आहे आणि तिच्यात स्वयंपाकघर, देवघर आणि गोठा तिन्ही खाती सामील आहेत: मध, तूप, एरंडेल, कांद्याचा रस, तुरटीचे पाणी, बाळंतिणीचे दूध, घरी धरलेले काजळ. ही परंपरा आहे, तिची थट्टा करू नये, असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे निम्मे मान्य करायला हरकत नाही. रांजणवाडी आली की आजी तळहातावर बोट घासून, ते गरम करून, पापणीला टेकवायची. नेत्रतज्ज्ञही रांजणवाडीला दिवसातून चारपाच वेळा कोमट फडक्याने शेक द्यायलाच सांगतात. फरक इतकाच की बोटापेक्षा फडक्याचा शेक जास्त वेळ टिकतो आणि फडके धुता येते. डोळ्यात कचरा गेला की पदराचा बोळा करून, त्यात फुंकर घालून, मिटल्या डोळ्यावर ठेवायची रीतही निरुपद्रवी आहे आणि तिच्यातली माया कुठल्या बाटलीत मिळत नाही. परंपरा जोवर पापणीच्या बाहेर राहते तोवर तिच्याशी भांडण नाही. पापणीच्या आत शिरली की मात्र तिला विचारावे लागते, मध उकळला होता का, बाटली कोणी धुतली, दूध काढणारे हात कसे होते. कांद्याच्या रसाने डोळे स्वच्छ होतात असे मानणाऱ्यांचा पुरावा एवढाच की भरपूर पाणी येते. ते पाणी डोळ्याने कांदा बाहेर काढण्यासाठी सोडलेले असते.

आणि त्या पाण्याचे मोल आपल्याला कळत नाही, ही खरी गंमत आहे. अलेक्झांडर फ्लेमिंग म्हटले की सगळ्यांना पेनिसिलिन आठवते, ते १९२८ चे. त्याच्या सहा वर्षे आधी, १९२२ साली, याच गृहस्थांनी लायसोझाइम नावाच्या द्रव्याचा शोध जाहीर केला होता. काही जिवाणूंना विरघळवून टाकणारे हे द्रव्य त्यांना नाकाच्या शेंबडात सापडले आणि मग अश्रूंमध्ये भरपूर मिळाले. प्रयोगाला अश्रू लागत, म्हणून ते प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांच्या डोळ्यांत लिंबाच्या सालीचा रस उडवून रडवत आणि गालावरचे थेंब नळीत जमा करत. मोसंबीच्या जिल्ह्याने या प्रयोगाचा अभिमान बाळगायला हरकत नाही, फक्त तो घरी करून पाहू नये. सांगायचे ते असे की जंतू मारणारे औषध डोळ्यात चोवीस तास आपोआप पाझरत असते, आणि आपण गुलाबपाण्याची बाटली उघडून ते धुऊन काढतो.

आता खाज. सल्लागारांच्या मते लाल डोळा तेवढा एकच, पण डोळा स्वतः बऱ्यापैकी स्पष्ट बोलतो. सतत खाज सुटते, दोन्ही डोळ्यांना एकदम, दर वर्षी त्याच दिवसांत, जोडीला शिंका, तर तो संसर्ग नसून बहुतेक वेळा अॅलर्जी असते, आणि ती टॉवेलने पसरत नाही. गाजर गवताचे उदाहरण घ्या. १९५०च्या दशकात पुण्यात त्याची पहिली नोंद झाली, अमेरिकेतून आलेल्या गव्हासोबत ते आले असे मानतात, आणि लोकांनी त्याला ‘काँग्रेस गवत’ हे नाव दिले. सरकारे बदलली, पक्ष फुटले, गवत मात्र बांधावर, पडीक वावरात आणि शाळेच्या मैदानाच्या कडेला एकसंध उभे आहे. त्याच्या परागांचा त्रास होणारा माणूस पावसाळा संपता संपता डोळे चोळत हिंडतो आणि लोक त्याला ‘आले वाटतं’ म्हणून लांब बसवतात. दुसरा प्रकार पोरांचा. उष्ण, कोरड्या, धुळीच्या प्रदेशात पाच ते पंधरा वयाच्या मुलांना, त्यातही मुलग्यांना, उन्हाळा लागला की डोळ्यांची अशी खाज सुटते की ती मनगटाने, मुठीने, शर्टाच्या बाहीने चोळत सुटतात. डोळ्यातून दोरीसारखी चिकट तार येते. जालन्याचा एप्रिल-मे महिना या आजाराला जणू आमंत्रणच देतो. यात दोन गोष्टींनी नुकसान होते. वर्षानुवर्षे जोरात चोळल्याने बुबुळाचा पारदर्शक भाग पातळ होऊन शंकूसारखा पुढे येऊ शकतो, मग चष्म्यानेही नीट दिसत नाही. आणि दुसरे, मागे एकदा डॉक्टरांनी आठवड्यासाठी दिलेला स्टेरॉइड ड्रॉप आईबाप दर उन्हाळ्यात त्याच रिकाम्या खोक्याच्या जोरावर आणत राहतात; पोराचा काचबिंदू कोणाला दिसत नाही, कारण पोर खूश असते. थंड घड्या, उन्हात टोपी, चोळायचा हात धरणे, आणि डॉक्टरांनी दिलेले अॅलर्जीरोधक थेंब नियमाने टाकणे, एवढ्यावर बहुतेकांचे निभते. मुलगे वयात आले की पुष्कळांचा त्रास आपोआप ओसरतो, पण आठ वर्षे वाट बघा हा सल्ला कोणत्याही टपरीवर खपत नाही.

इथपर्यंतचे सगळे ‘कमी करा’ या सदरातले होते. एक सदर मात्र असे आहे की तिथे काहीच कमी करायचे नाही, आणि नेमके तिथेच आपण कमालीचे सोशिक होतो. कापूस वेचताना वाळलेल्या बोंडाचे टोक लागते, ज्वारीच्या पानाची धार लागते, दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीन हडंब्यातून काढताना भुसकट सपकन डोळ्यात जाते. बुबुळावर बारीक ओरखडा उठतो. वनस्पतीसोबत बुरशीही आत जाते आणि पुढच्या काही दिवसांत तिथे जखम तयार होते. या डोळ्यात लाली असतेच, पण त्याशिवाय तो दुखतो, उजेड सोसत नाही, दिसायला अंधुक होते आणि बुबुळावर पांढरा ठिपका दिसू लागतो. लोक यालाही ‘आले वाटतं’ म्हणतात. मग तोच क्रम: मध, उरलेला ड्रॉप, स्टेरॉइड, मामा. दहाव्या दिवशी नेत्रतज्ज्ञासमोर येतो तो डोळा नव्हे, त्याचे अवशेष. ‘डोळ्यात फूल पडले’ असे आपण जे म्हणतो ते पुष्कळदा याच जखमेचे वळ असतात. वेळेत गेले तर काम होते: डॉक्टर पिवळा रंग टाकून निळ्या उजेडात जखम बघतात, तिच्यावरचे किंचित खरवडून काचेवर घेऊन बुरशी आहे की जिवाणू ते पाहतात आणि मग त्यानुसार थेंब देतात, तेही सुरुवातीला तासातासाला आणि कित्येक आठवडे. हे काम मेडिकलच्या काउंटरवरून डोळ्यांनी पाहून होणारे नाही, कितीही अनुभवी डोळे असोत.

शेतातून एमआयडीसीत आलो तरी चित्र फारसे वेगळे नाही, फक्त भुसकटाच्या जागी लोखंड येते. ग्राइंडरवर काम करताना तापलेला कण उडून बुबुळात रुततो आणि काही तासांत त्याच्याभोवती गंज धरतो. प्रत्येक शेडमध्ये कण काढणारा एक उस्ताद असतो. त्याचे साहित्य म्हणजे काडेपेटीची काडी, कागदाचे टोक किंवा चुरगळलेली नोट. नोट किती हातांतून फिरली आहे हे रिझर्व्ह बँकही सांगू शकणार नाही. वेल्डिंग लागलेल्यांची गोष्ट निराळी. चष्मा न लावता आर्क पाहिला की तेव्हा काही होत नाही, रात्री दोन वाजता मात्र डोळ्यांत वाळू भरल्यासारखी आग होते आणि अख्खे घर जागे होते. बुबुळाला बसलेला हा उन्हासारखाच चटका, तो दोन दिवसांत भरून येतो. पण त्या रात्री कोणी तरी बधिर करणारा ड्रॉप आणून देतो, तो इतका गुणकारी वाटतो की कामगार खिशात ठेवून दर तासाला टाकू लागतो, आणि त्याने भरणारी जखम भरत नाही, उलट चिघळते. वेदना गेली म्हणजे आजार गेला, असे डोळ्यापुरते तरी समजू नये. आणि या सगळ्यांपेक्षा घाईचा प्रकार म्हणजे चुना. तंबाखूसोबतची पुडी किंवा ट्यूब पोर दाबते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. चुना हा अल्कली, तो बुबुळात खोल उतरत जातो, म्हणून मिनिटे महत्त्वाची. तिथेही कोणी म्हणतेच, ‘पाणी लावू नका, चुना उकळंल.’ उकळतो तो कळीचा चुना. खायचा चुना आधीच भिजवून थंड केलेला असतो. तेव्हा तिथल्या तिथे, मिळेल त्या स्वच्छ पाण्याने, पापणी उलगडून, अर्धा तास धुवायचे, कडेला अडकलेले खडे ओल्या कापसाने काढायचे, आणि मग धुतलेल्या डोळ्यासह गाडीत बसायचे. तूप घालून, पट्टी बांधून, आधी बाबांना फोन लावून मग निघणे, यात सगळ्यांचे समाधान होते, डोळ्याचे सोडून.

यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही दमदार आहेत. पहिला पाण्याचा. जिथे नळाला पाणी कधी येईल यावर पैज लागते, जो जिल्हा २०१२-१३ च्या दुष्काळात राज्यात सर्वाधिक होरपळलेल्यांत होता, तिथे ‘वारंवार हात धुवा’ हे पुण्या-मुंबईचे पोस्टर लावणे म्हणजे थट्टाच. मान्य. पण हात धुवायला नळ लागत नाही, तांब्या लागतो. साबण लावून तांब्याने धार धरली की लिटरभरात हात होतात. आणि टॉवेल वेगळा ठेवायला, उशीची खोळ बदलायला, दस्ती कोणाला न द्यायला थेंबभरही जादा पाणी लागत नाही; तिथे लागतो तो थोडा आडमुठेपणा. पाणी तोकडे असतानाही हे जमते याचा मोठा पुरावा खुपऱ्यांचा आहे. खुपऱ्या हा पापणीच्या आतला जिवाणूंचा आजार, पोरांच्या घाणेरड्या तोंडातून, बोटांतून, फडक्यांतून आणि माश्यांतून पसरणारा, वर्षानुवर्षे टिकून शेवटी आंधळे करणारा. १९६३ साली त्याविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले की सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून खुपऱ्या भारतातून हद्दपार झाल्या. औषधांचा त्यात वाटा आहेच, पण तोंड धुतलेल्या पोरांचाही आहे. इतक्या मोठ्या विजयाची मिरवणूक निघाली नाही, कारण जो आजार होतच नाही त्यावर सल्ला देता येत नाही.

दुसरा आक्षेप अंतराचा आणि रोजाचा. मंठ्याहून, परतूरहून नाहीतर जाफराबादच्या एखाद्या खेड्यातून जालन्याला जायचे म्हणजे दिवस बुडाला, मजुरी बुडाली, वर भाडे. म्हणून तर माणूस टपरीवर आणि मेडिकलवर जातो. तो मूर्ख नाही, हिशोबी आहे. इथे सल्लागार मंडळींना शिव्या देऊन भागत नाही. पण हिशोब पुरता मांडला तर तो उलट दिशेने झुकतो. बहुतेक लाल डोळ्यांना जालन्याला जायचीच गरज नाही, ती मजुरी तिथेच वाचली. जायचे ते ओळखण्यापुरत्या खुणा कोणालाही पाठ होतील: डोळा नुसता चुरचुरत नसून दुखतोय, नजर अंधुक झालीय, उजेड अजिबात सोसत नाही, बुबुळावर ठिपका आहे, काही लागलेय किंवा उडालेय, तान्ह्या बाळाचा डोळा आहे, कॉन्टॅक्ट लेन्स वापरणारा आहे, किंवा आठवडा उलटूनही उतार नाही. यातली एक जरी खूण दिसली तरी त्याच दिवशी निघायचे. जवळ ग्रामीण रुग्णालय असेल तर आधी तिथे. आणि जालना याबाबतीत भाग्यवान आहे. श्री गणपती नेत्रालयासारखे मोठे डोळ्यांचे रुग्णालय शहरात आहे, आसपासच्या जिल्ह्यांतून लोक तिथे मुद्दाम येतात. दुसऱ्या जिल्ह्यातला माणूस पहाटे गाडी पकडून जालन्यात उतरतो, त्या वेळी जालन्यातला माणूस चौकातल्या टपरीवर डोळा वर करून उभा असतो आणि टपरीवाला चुन्याचा हात पुसून पापणी उलगडत असतो.

राहता राहिली ती बाटली. डॉक्टरांनी योग्य ड्रॉप दिला तरी आपला उद्योग संपत नाही. ड्रॉप एकाच माणसाचा असतो, घराण्याचा नसतो. तिचे टोक पापणीला टेकले की पुढचा प्रत्येक थेंब आपल्याच जंतूंचा प्रसाद होतो. उघडल्यावर बहुतेक बाटल्यांचे आयुष्य महिनाभर, म्हणून तारीख पेनाने तिच्यावरच लिहावी, नाहीतर ती फ्रिजच्या दारात लोणच्याशेजारी पुढच्या साथीची वाट पाहत बसते. टाकताना खालची पापणी ओढून त्या खोबणीत एकच थेंब, मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने मिनिटभर दाबायचा, दुसरे औषध असेल तर पाच मिनिटांनी. रोग लवकर बरा व्हावा म्हणून तीनचार थेंब सोडणाऱ्यांना कोणी सांगितलेले नसते, पण डोळ्याच्या खोबणीत जेमतेम ३० मायक्रोलिटर मावते आणि बाटलीचा एक थेंबच बहुधा त्याहून मोठा असतो. दुसऱ्या थेंबापासून पुढचे सगळे औषध गालाला लागू पडते.